मी परत करणारी नाही हो

—नाही हो, तोंड वाकडं करू नका, वास घ्यावाच लागतो. मला काय हौस आहे परक्या बाईच्या कोटाच्या काखेत नाक खुपसायची? कामच आहे ते. आधी गळा, मग काख, मग अस्तर. नोकरी लागली त्याच दिवशी शिकवलं आम्हाला, डोळ्यांना फसवता येतं म्हणे, नाकाला नाही. नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं मी दिवसाला चाळीस काखा हुंगते आणि मग घरी जाऊन जेवते, बोला! सुरुवातीला जेवण जायचं नाही. आता जातं, तेच जास्त वाईट. तुम्ही बसा ना, ते स्टूल आहे बघा, मशीनचं ते गोल फिरतंय अजून, ते थांबेपर्यंत मला काही करता येत नाही. तुमचा नंबर घातला की तो कुठेतरी लांब जातो, तिथून उत्तर यायचं, मग पुढचं. आज सकाळपासून असंच रेंगाळतंय. पावतीबाई जेवायला गेलीय—आमची मुख्य हो, चहा पाजला तरी कपाची पावती मागेल अशी, म्हणून पावतीबाई—ती असती तर मी इतकं बोललेही नसते.

तर कारण काय सांगितलंत? माप. बरं. 'मापात बसत नाही' असं टाकते. नाही, मी काही म्हणत नाही. कोपरांना घड्या पडल्यात म्हणून मी काही म्हटलं का? छातीवर इथे बोटाला चिकट लागतंय, मोठ्या ऑफिसात शिरताना नावाचा स्टिकर लावतात ना, तसलं—तरी मी काही म्हटलं का? आणि हा टॅग. टॅगला अशी मधोमध घडी कशी पडते सांगू? बाहीत आत सारून ठेवला की पडते. दिवसभर मनगटाला टोचतो तो, हात वर केला की बाहेर डोकावतो, म्हणून माणूस हात टेबलाखाली ठेवून बसतं. समोरच्याला वाटतं, किती शालीन मुलगी आहे! घाबरू नका. माझं काम वास घेण्याचं, न्याय करण्याचं नाही.

आणि तुमचा तर काहीच नाही, साबणाचा वास आहे, स्वच्छ आहात. लोक काय काय आणतात, ऐकलंत तर आज जेवणार नाही तुम्ही. एकाने तंबू आणला, 'उघडलासुद्धा नाही' म्हणाला—उघडला तर आत वाळू, अर्धा खाल्लेला पाव आणि एक मोजा. एकच. दुसरा कुठे गेला, देव जाणे. एक बाई कुकर घेऊन आल्या, तळाला डाळ करपून कोळसा झालेली, आणि म्हणतात, असाच निघाला खोक्यातून! एक गृहस्थ, चांगले टाय-बिय लावलेले, त्यांच्या नव्या बुटांच्या खोक्यात जुने बूट होते. टाचा झिजलेले, आत पायाचा काळा ठसा उमटलेला. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले, तर उलट माझ्यावरच चढले—चोर तो चोर, वर शिरजोर—म्हणे, तुम्हीच बदललेत! त्या बुटांचाही वास घेतला मी. घ्यावा लागतो. शी! केसांचे ब्रश येतात केसांसकट. अंथरुणाच्या चादरी येतात, त्यांच्याबद्दल मी बोलतच नाही. माणूस विकत घेताना किती साळसूद असतो, अन् परत करताना कसा उघडा पडतो! मला तर कुणाच्या लग्नाबिग्नात गेलं तरी समोरच्याचा नवा कोट बघून पहिलं मनात येतं—हा सोमवारी येणार परत.

पण दुकान काय धुतल्या तांदळाचं आहे असं समजू नका. हसतमुखाने घेतात ना सगळं? ते पाटीपुरतं—'तीस दिवसांत निःशंकपणे परत करा'. निःशंकपणे! तुम्ही बिल करताना मोबाईल नंबर सांगता ना, बस्स, तिथे धरलं तुम्हाला. काय घेतलंत, किती दिवसांनी परत आणलंत, सोमवारी आणता की शनिवारी, पावतीसह की विनापावती, सगळं त्या नंबराखाली जाऊन बसतं. आमच्याच दुकानात नव्हे, बाहेरची एक कंपनी आहे, ती बऱ्याच दुकानांचं एकत्र ठेवते. आणि मग रंग देते माणसाला. हिरवा, पिवळा, लाल. मला इथे आधी फक्त रंग दिसतो, बाकीचं मुद्दाम उघडावं लागतं. हिरव्याचं घ्यायचं, पिवळ्याला 'यापुढे घेता येणार नाही' म्हणून बजावायचं, आणि लाल आला तर एकच वाक्य—'सिस्टीम घेत नाही.' एवढंच. रंग सांगायचा नाही, कारण सांगायचं नाही, आवाज चढवायचा नाही. मोठमोठी माणसं रडकुंडीला येतात हो इथे, मी काय केलं, निदान ते तरी सांगा म्हणतात, आणि मी आपली पोपटासारखी—सिस्टीम घेत नाही, सिस्टीम घेत नाही. सिस्टीम म्हणजे कोण? कुणाला ठाऊक! मला तिची ओळख नाही. पण तिच्या वतीने शिव्या मी खाते.

बघा, अजून फिरतंय.

तुम्ही माझ्याकडे अशा का बघताय? बाहीत टॅग सारायचा हे मला कसं माहीत, असंच ना? आता नऊ वर्षं इथे म्हटल्यावर—नाही. खरं सांगू? इथे यायच्या आधीपासून माहीत आहे. मी हेअरपिनने टॅगचा प्लास्टिकचा दोरा न तोडता काढायची आणि तसाच परत बसवायची, पावतीबाईच्या बापालाही कळलं नसतं. घरात धड नेसायला-घालायला नव्हतं आणि नोकरीसाठी तर रोज कुठे ना कुठे जायचं. जुन्या स्वेटरात गेलं की दारावरचा माणूसच विचारतो, झाडलोटीसाठी आलात का? मग काय, न्यायचा कोट, घालायचा, आणून द्यायचा. या नोकरीची मुलाखतसुद्धा मी इथल्याच कोटात दिली. राखाडी होता, इथूनच घेतलेला, बाहीत टॅग. समोर हीच पावतीबाई बसली होती, 'किती नीटनेटक्या आहात' म्हणाली. तिसऱ्या दिवशी याच काउंटरवर तो परत दिला आणि पुढच्या आठवड्यात आत येऊन उभी राहिले. हसा, हसा. मलाही तेव्हा हसू आलं होतं. वाटलं, काय बिघडलं? एवढं मोठं दुकान, त्याला काय फरक पडतो माझ्या एका कोटाने?

एका नाही. अकरा. अकरा वेळा केलं मी ते.

आणि नंबर माझा नव्हता दिला. माझा कशाला देईन? आईचा दिला. तिचा पाठ होता, आणि ती कुठे काय विकत घेणार आहे, म्हातारी, तिला काय करायचंय—असं मनात. अगदी असंच मनात आलं होतं माझ्या. आई म्हणजे अशी बाई, की शेजारणीची वाटी घरात राहिली तर तिला झोप लागत नाही.

मग एकदा, मला इथे लागून दोन वर्षं झाली होती, आईने इथूनच बूट घेतले. साठीला आली तरी स्वतःसाठी म्हणून पहिल्यांदा चांगले बूट घेतले तिने, गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. आणि आठ दिवसांत डाव्या बुटाचा तळवा सुटला. जबडा उघडावा तसा. मी म्हटलं, दे माझ्याकडे, मी बघते. तर नाही! 'मी स्वतः येते गं, तुझं काउंटर तरी बघते.' नटून आली. खोकं धुतल्यासारखं स्वच्छ, बूट पुसलेले, पावती पदराला गाठ मारावी तशी मुठीत धरलेली. रांगेत उभी राहिली, पुढच्या-मागच्यांना सांगत होती बहुतेक, ती माझी मुलगी. मला लांबूनच तिचा आनंद दिसत होता. आणि तिची पाळी आली, मी नंबर घातला, गोल फिरलं—आणि लाल.

पावतीबाई माझ्या मागे उभी होती. इथे. इतकी जवळ, की तिच्या पावडरचा वास येत होता मला. नातेवाईकाचं काम आपल्या हाताने करायचं नाही हा नियम, तो एक. आणि दुसरं म्हणजे हिने विचारलं असतं, लाल का, उघड बघू, तर अकराच्या अकरा पावत्या निघाल्या असत्या. आणि प्रत्येक पावतीवर परत करणाऱ्याची सही असते. माझी सही. आणि त्यांत तिने वाखाणलेला तोच राखाडी कोट.

मी म्हटलं, 'सॉरी मॅडम, सिस्टीम घेत नाही.'

आईला म्हटलं. मॅडम.

आई एक क्षण बघत राहिली माझ्याकडे. मग तिने मागे पावतीबाईकडे बघितलं, आणि मग—तिला वाटलं असणार, पोरीच्या नोकरीचं काहीतरी आहे—तिनं ते खोकं परत गोळा केलं आणि म्हणाली, 'असू दे हो मॅडम, माझंच काहीतरी चुकलं असेल.' आणि गेली. तिनेही मला मॅडम म्हटलं. मला सांभाळून घेतलं हो तिने, माझ्याच काउंटरवर! रांगेतल्या लोकांनी तिला वाट करून दिली, अशी, जरा अंग चोरून. लाल माणसाला देतात तशी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ती मी माझ्या हाताने दिली, आणि वर 'नेक्स्ट प्लीज' म्हटलं.

घरी येऊन तिने ते बूट गोंदाने चिकटवले, ते परत सुटले, परत चिकटवले. अजून तेच घालते, डावा पाय जरा ओढत. एकदाच विचारलं तिने, दिवे लागायच्या सुमाराला, मी कपडे वाळत घालत होते तेव्हा—'माझ्या नावावर काय आहे गं तिथे?' मी म्हटलं, काही नाही आई, मशीनच तसलं आहे. तक्रार करता येते, नाही असं नाही. अर्ज आहे. पण तक्रार केली की पावत्या निघणार—हात दाखवून अवलक्षण. आज करू, उद्या करू, सात वर्षं झाली. आणि आता काय करते ती माहितीये? कुठेही गेली ना, भाजीवाल्याकडे, औषधाच्या दुकानात, साधी सुई घ्यायला गेली तरी आधी सांगते. 'मी परत करणारी नाही हो.' हात असे जोडून. 'आधीच सांगते, मी परत करणारी नाही.' भाजीवाला हसतो. त्याला वाटतं, म्हातारी गमतीशीर आहे. मी शेजारी पिशवी धरून उभी असते. मला या कपड्यांच्या वासाची किळस येते असं मी सगळ्यांना सांगते. कपड्यांची नाही येत.

जाऊ दे. तुम्हाला कशाला—आलं बघा, थांबलं. आलं.

हिरवा. सुटलात! हिरवाच आहे तुमचा. कुठे आहे ती परतीची पावती, सही करा इथे, खाली—थांबा. एक मिनिट. इथे जन्मसालही येतं, मी सहसा बघत नाही. या सालाप्रमाणे तुम्ही एकसष्ट वर्षांच्या आहात.

छान राखलीय तब्येत!

बोला ना. कोणाचा नंबर? सासूबाईंचा? ...आईचा. हं. आणि ही या वर्षातली पाचवी वस्तू. चार कोट आणि एक काळ्या बुटांचा जोड. आज हा घेतला की आईचा पिवळा होणार, कळतंय का? मग लाल. तिला कळणार नाही कधी झालं ते. तिला काय करायचंय, म्हातारी कुठे काय विकत घेते—असंच ना? बघू नकोस माझ्याकडे अशी. अगं, मला तू पाठ आहेस, नखशिखान्त पाठ आहेस. मुलाखत कशी झाली? मिळाली? मान डोलावतेयस म्हणजे मिळाली. मग पहिल्या दिवशी काय घालणार आहेस? हाच घाल. बाहीतला टॅग काप, ही घे कात्री. नको? मी कापते. हा बघ, कापला. आता हा कोट तुझा. कापल्या टॅगचं कुणी परत घेत नाही, मीसुद्धा नाही.

काय? आत्ता हिरवा म्हटलं? कोण म्हणालं? मी काहीच म्हटलेलं नाही. इथे रंग सांगत नाहीत. ओरडू नका, बघा, पावतीबाई येतेय जेवून. रुमालाने तोंड पुसत येतेय. तुमचं खोकं घ्या. पिशवीही घ्या. कात्री राहू द्या, ती दुकानाची आहे.

सॉरी मॅडम. सिस्टीम घेत नाही.

पुढचे कोण आहेत? या.