दुकानातल्या माशाचे काटे

ओरेगनमधल्या नदीकाठच्या दवाखान्यात मर्ला नंबराची वाट बघत होती. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या नणंद-भावजया बोलत होत्या.

"काल नदीच्या सभेला गेला होतात, वन्सं?"

"गेले होते. वीस वर्षांत धरण पाडणार म्हणे, मग समुद्रातले सामन मासे परत येतील."

"दहा वर्षांपूर्वीही वीसच म्हणाले होते."

"म्हणू देत. यंदा रीतीप्रमाणे पहिल्या माशाचे काटे नदीला परत दिलेत ना, लिओटावहिनी?"

"दिले की. दुकानातल्या माशाचे."

"अगं बाई! तो तर पिंजऱ्यात पोसलेला!"

"मग काय करू? नदीत एक तरी गावला का? शेवटी नदीलाच सांगितलं, याला समुद्र ठाऊक नाही, तेवढा पोचव. काटे समुद्रात गेले तरच मासा परत येणार ना!"

"पोचवले का मग?"

"कुठले! सकाळी बघते तर धरणाच्या जाळीला अडकलेले. काढून घरी आणले."

मर्लाचा नंबर पुकारला. ती उठली नाही, मागच्या दोघींचं बोलणं ऐकत राहिली.

"आता कुठे आहेत?"

"फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात. धरण पडलं की सोडायचे."

"वीस वर्षांनी? तुम्ही?"

"मी कुठली! तुम्ही सोडा, वन्सं. तुम्ही लहान आहात माझ्याहून."