दाभणानं शिवलेला बॅनर

माझं नाव मुक्ताबाई. माहेर पिंगळीचं, ठेसनाजवळ घर, गाडी आली की मांडणीवरली भांडी वाजायची आमची. सासर हे ताडकळसच्या अलीकडं. शाळेत न्हाई गेले मी, आमी चार बहिणी, थोरलीनं धाकट्या सांभाळायच्या, आन थोरली मी, मंग कसली शाळा. पण शिवण मातर लय बेस माझी, वाकळ शिवावी तर मुक्तीनंच असं मनायचे लोक. वाकळ मंजी गोधडी ओ, तुमी शहरातले, तुमाला सांगावं लागतं. लगीन ठरलं तवा बाप मनाला, सासरा मिलटरीत व्हता, लढाईत पायाला गोळी लागलीय, लंगडतो, पण घर सरळ हाय. आन सरळच निघालं. सासऱ्याला आमी मामा मनतो, गाव त्येंला मेजर मनतं. गावाचं काय, मिलटरीतून कुणीबी आला की मेजरच.

आता आत्याबाईची गोष्ट सांगते, आत्याबाई मंजी माझी सासू, ती कळल्याबिगर पुढलं कळायचं न्हाई तुमाला. मामा लढाईवर गेले तवा आत्याबाई नवी नवरी, अंगाची हळद निघाली नव्हती. खबर न्हाई, बात न्हाई. आन एक दिवस दारात जीप थांबली. तवा गावात जीप यायची ती चांगल्या कामाला यायची न्हाई. जीपमधले सायेब खाली उतरले न्हाईत तवर मागून कुण्या म्हातारीनं गळा काढला, अन् आत्याबाईनं दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले. सगळ्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसून टाकलं. सायेब मनतो, अवो बाई, काय करायलाव हे, जिता हाय तुमचा मालक, पायाला लागलंय, दवाखान्यात हाय, भेटायला चला मनून सांगायला आलाव आमी. मंग मामा कुबडी घेऊन घरी आले तर गावातल्या बायांचा वाद, फुटलेला चुडा परत भरावा का न्हाई. मामानं सोता कासाराला बोलावलं आन मनाले, भर, नवरा हितं समोर बसलाय. जिंदगीभर चिडवायचे तिला, दुश्मनाला जमलं न्हाई ते हिनं केलं, मला उंबऱ्यावर मारलं.

ती हसायची, पण तिच्या काळजात ते बसलं व्हतं. माझा दत्ता भरती झाला, आजाच्याच नादानं, तवा आत्याबाई अंथरुणाला खिळलेली. मला जवळ बोलावलं आन मनाली, मुक्ते, पोरापायी काय बांगड्या फुटत न्हाईत, पण जीव फुटतो. सांगणाऱ्याच्या तोंडातनं शब्द पडल्याबिगर रडायचं न्हाई. मी हो मनलं. हो मनायला काय लागतं.

मंग ती गेली, आन हे परवाचं सुरू झालं. बॉर्डरवर गडबड. टीव्हीवर नुसता दणका, मालकांनी टीव्ही बंदच करून टाकला, मनाले खरं काय ते पोरगंच सांगंल. पण पोराचा फोन लागंना. ऐतवारचा ऐतवार फोन करणारं लेकरू, एक ऐतवार गेला, दुसरा गेला. भाकर करायले तरी मोबाईल चुलीपाशी. मालक मनायचे वाफेनं खराब व्हईल. होऊ द्या मनलं. त्यातच कानावर आलं की चुडावा गावाकडचं एक जवान पोरगं कामी आलं. नाव कैलास, एवढंच कळलं. मी त्या दिवशी जेवले न्हाई, पण खोटं कामून बोलू, मनात हेच, आपलं न्हाई, आपलं न्हाई.

बाजाराच्या दिवशी मामाला घेऊन ताडकळसला गेले. त्येंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चष्म्यानं बी नीट दिसंना, आन घरी बसवंना. स्टँडवर उतरलाव, मी वर बघितलं, आन काय सांगू तुमाला, माझे पाय जागीच राहिले. बॅनर लागलेला. आमच्याकडं बारशाला बॅनर, वाढदिवसाला बॅनर, मयतीला बॅनर. वाढदिवसाचा कसा लालपिवळा असतो. हा काळा. झेंडा हाय, मेणबत्ती हाय, सगळ्या कडंनं झेंडूचा हार छापलेला, आन मधी दोन पोरं, वर्दीतले, बरोबरीनं. एक मी कदी बघितलेला न्हाई. दुसरा माझा दत्ता.

मामा मनाले, कामून थांबलीस? परत मनाले, पोरी, काय बघायलीस? मनलं, मामा, बॅनर हाय, आपल्या दत्त्याचा फोटो हाय. मामानं माझं मनगट धरलं. इचारलं, रंग कुठला? मनलं काळा. हार? मनलं हाय. लिव्हलंय काय? आता मी काय सांगू. ज्याला वाचता येतं त्याला दिसंना, जिला दिसतं तिला वाचता येईना, अशी दोघं आमी त्या बॅनरखाली हुबी, आन शेजारी बाई कोथिंबीर इकायलीय, पोरं गारीगार खायलेत, यष्टी मागं घ्यायलेत, सगळा बाजार चालूच. मामा हळूच मनाले, तुझी सासू काय मनाली व्हती? मी पदर दातात धरला. रडले न्हाई.

मामा मनाले, चल, कुणाला तरी इचारू. चहाच्या हाटेलात गेलाव, तर तो हाटेलवाला मामाला बघून उठला. खुर्ची पुसली, मनाला मेजर, बसा. बाकड्यावरले चार जण बी उठून हुबे राहिले. येरवी कुणी उठत न्हाई ओ, रामराम मेजर मनतेत आन चहा पित बसतेत. आज सगळे उठले, टोप्या काढल्या कुणी कुणी. मला वाटलं संपलं. मामा बसले न्हाईत. हुबे राहून, ताठ, लंगडा पाय बी ताठ करून मनाले, त्या बॅनरवरलं वाचून दाखीव, एक अक्षर खाऊ नको.

त्यानं वाचलं. भावपूर्ण श्रद्धांजली, शहीद जवान कैलास, गाव अमुक. मामा मनाले, पुढं? मनाला, पुढं आपल्या दत्ताचं नाव, मेजरचा नातू, श्रद्धांजली वाहणारे, समस्त गावकरी. मामा मनाले, वाहणारे? मनाला, हो मेजर, वाहणारे. आमी उठलाव ते तुमचा नातू तिकडं हाय मनून, मानानं उठलाव.

मी तिथंच भुईवर बसले. मंग रडले, लय रडले.

मामा गावात आले ते तडक पारावर. बॅनर करणारी आमच्याच गावची पोरं. मामानं त्येंला अशा शिव्या घातल्या की मिलटरीतल्या बी निघाल्या असतील त्यात, आमाला न कळणाऱ्या. पोरं मनाली, आजोबा, सगळ्या बॅनरवर खाली पुढाऱ्यांचे फोटो असतेत, आमी मनलं पुढारी कामून, आपल्या गावचा जवान घालू, तेवढाच त्याचा मान. बारका घातला तर मान कमी व्हईल मनून बरोबरीनं घातला. मामा मनाले, जित्याचा मान येगळा, मेल्याचा येगळा, मेणबत्तीपाशी जितं माणूस बसवतेत का? आत्ताच्या आत्ता काढा. पोरांनी मोटरसायकलवर जाऊन ब्लेडनं दत्ताची बाजू कापली आन गुंडाळी करून माझ्या हातात दिली. आता ती जाळवंना, फेकवंना. धान्याच्या कोठीमागं ठिवली. फोन अजून न्हाईच.

दोन दिसांनी आमी कैलासच्या घरी गेलाव. मामानं कोट घातला, त्यावर लढाईतली मेडलं लावली, त्येंला दिसत नव्हतं तर मीच लावली. कैलासच्या फोटोपुढं मामानं सलाम केला, हात खाली घेतलाच न्हाई किती येळ, मंग त्याच्या बापानं धरून बसवलं. मी आत बायांत गेले. त्याची आई माझ्याच वयाची. कुणीतरी सांगितलं, ही दत्ताची आई. तिनं माझा हात घट्ट धरला. मनाली, माझ्या भावानं मोबाईलमधी दाखविला बॅनर. माझ्या कैलासच्या बाजूला तुझा दत्ता हुबा हाय, खांद्याला खांदा लावून. लय बरं वाटलं बाई. एकट्याला भ्यायचा तो लहानपणी, शेतात जायचं तर कुणीतरी सोबत लागायचं. मंग मनाली, दत्त्याचा फोन आला का? मनलं न्हाई. मनाली, येईल, येईल बग. तिनं मला धीर द्यावा, सांगा तुमी. आन गुंडाळी माझ्या कोठीमागं.

येताना ताडकळसला यष्टी बदलायची व्हती. वारं सुटलेलं. मामा मनाले, काय फडफडायलंय? मनलं, अर्धा बॅनर हाय, कैलास एकटा हाय त्यावर. मामानं तोंड तिकडं वळवलं. मनलं, मामा, मी शिवते तो. मामा मनाले, पोरी, फोन आलेला न्हाई अजून. त्येंचा आवाज चिरकला, लढाई बघितलेल्या माणसाचा. मला काय भ्या वाटत नव्हतं का? पण मनलं, फोटोनं माणूस मरत असता तर बांगड्या फुटल्या तवाच तुमी गेले असते.

दुसऱ्या दिवशी दाभण घेतलं, पोतं शिवायचं, सुतळी मामानंच आणून दिली. पोरांकडनं अर्धा बॅनर खाली उतरवून घेतला, हाटेलवाल्याच्या बाकड्यावर दोन्ही तुकडे पसरले आन शिवायला बसले. मामा एक कड ताणून धरून बसले. माणसं जमली. दाभण दत्ताच्या खांद्यापाशी आलं तवा माझा हात अडला. अंगाला टाका लागू दिला न्हाई मी, न त्याच्या, न कैलासच्या, कडंकडंनं घेतला. मधली मेणबत्ती शिवणीच्या पलीकडं, कैलासकडंच राहू दिली, हाराचा जेवढा भाग दत्तावर येत व्हता तेवढा दुमडून आत घातला. आईचं मन हाय ओ, तेवढं केलं. मंग पोरांनी परत टांगला.

फोन त्याच्यानंतर आला, लगेच न्हाई, ज्वारी पाखडायले व्हते तवा आला. आई, रेंज नव्हती, कशी हायेस? मनलं बरी हाय. काय करायलीस? मनलं, काय न्हाई, मधी जरा शिवण केली. बॅनरचं सांगितलं न्हाई. फोन ठिवला आन आदी कैलासच्या आईला कळवलं. ती मनाली, मनलं व्हतं ना मी.

आता दत्ता तिकडंच हाय, मामा हायेत, डोळ्याचं आपरेशन करू मनतेत, करत न्हाईत. बॅनर उन्हानं पांढरा पडलाय, तोंडं नीट दिसत न्हाईत आता दोघांची, शिवण तेवढी घट्ट हाय. तुमी लिव्हायलाव तर एवढं लिव्हा. देवा, जीप कुणाच्या दारात थांबू नये. आन थांबलीच, तर उतरणाऱ्यानं जिता हाय हे आदी मनावं, मंग बाकीचं सांगावं.