जावयाचं वल्हं

मंडळी, आज देवापुढे एक सवाल टाकतो. जो जास्त धावतो, तो जास्त पुढे जातो का? — अहो, लगेच माना काय डोलावता! आधी ऐका तर!

आत्ता देवळाला प्रदक्षिणा घालून आलात ना? पाय दुखले? दुखणारच! म्हणजे अंतर कापलंत. आणि पोचलात कुठे? जिथे चपला काढल्या तिथेच! शाळेतली पोरं सांगतील — अंतर भरपूर, विस्थापन शून्य! निघालो कुठून आणि पोचलो कुठे, तेवढंच सरळ मोजायचं, त्याचं नाव विस्थापन. हसताय? चपला जागेवर सापडल्या, हे नशीब समजा!

तर खाडीकाठचं एक गाव. तेव्हा ना पूल, ना फोन. धाकू तांडेल तिथला होडीवाला. त्याची लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आणि एका सकाळी — "आई गंऽऽ!" कळा सुरू! सुईणीनं पोटावर हात फिरवला न् तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "मूल पायाळू आहे. एकटीचं काम नाही. पलीकडच्या नर्सबाईंना आणा, लवकर!"

बाहेर बघतात तर धुकं! हात पुढे केला तर बोटं दिसेनात. धाकू धावला होडीकडे. मागोमाग जावई दत्ताराम — घाटावरचा गडी, तालमीत घुमलेला!

"मामा, एक वल्हं माझ्याकडे द्या!"

आता जावयाला नको कोण म्हणणार? दिलं!

बसले दोघं. डावीकडे म्हातारा, उजवीकडे पैलवान. दत्ताराम ओढतोय — हुम्म! हुम्म! घामाची आंघोळ! धाकूला कळतंय, जावयाची बाजू जड होतेय, होडी वळतेय. पण बोलायचं कसं? जावई पडला! इकडे दत्तारामालाही शंका आली. पण विचारायचं कसं? सासऱ्यापुढे अज्ञान कुठे दाखवा! दोघंही गप्प, न् होडी गोऽऽल!

अखेर काठ लागला. धाकूनं उडी मारली, "नर्सबाई! चला लवकर, माझी लेक अडलीय!"

धुक्यातून आवाज आला, "अहो, कुठे चला? तुम्ही आपल्याच धक्क्यावर आहात!"

बायको होती त्याची! धक्क्यालगतच्या घरातून लेकीची किंकाळी आली. म्हातारा रडला हो, मंडळी!

दत्ताराम पुढे आला. हात जोडले. "मामा, माझं चुकतंय का? सांगा ना!"

तेव्हा कुठे म्हातारा बोलला, "जावईबापू, हात हलका ठेवा. माझ्या हाकेवर ओढा. जोर पुरे झाला, आता दिशा पाहिजे!"

हाच चाल आणि वेगातला फरक बरं का! किती जोरात जातो ती चाल. त्याच चालीला दिशा दिली, की वेग!

शेवंताची आई तांब्याची थाळी घेऊन धक्क्यावर उभी राहिली. वल्हवणाऱ्याचं तोंड मागच्या काठाकडे असतं, म्हणून धाकू म्हणाला, "थाळीचा आवाज नाकासमोर ठेवा, बस्स!" टण्! "हेऽऽ!" टण्! "हेऽऽ!" जरा आवाज कानाकडे सरकला, की दत्ताराम विचारी, "मामा, वळलो का?" आणि मामा बिनदिक्कत ओरडे, "वळलात! सोडा जरा!"

पलीकडचा काठ लागला! नर्सबाई होडीत बसल्या. परत येताना तोच थाळीचा आवाज पाठीशी ठेवून सरळ घरी!

मग दार बंद झालं. बाहेर सासरा-जावई एकाच पायरीवर, श्वास रोखून. आणि — ट्यँऽऽ! पोरगी! शेवंताही सुखरूप! काय सांगू मंडळी, त्या म्हाताऱ्यानं जावयाला अशी मिठी मारली, की पैलवानाचा दम निघाला! दोघं हसतायत, रडतायत, आणि धक्क्यावर म्हातारी अजून थाळी बडवतेय — तिला थांब म्हणायचं कुणाला सुचलंच नाही!

बारशाला जावयाला पाटावर बसवलं. शेला द्यायचा, तर तो म्हणतो, "नको. मला वल्हं मारायला शिकवा."

आता तुमच्याकडे वळतो. सुटलात वाटलं होय? अहो, तुमच्याही घरात होडी आहे! नवरा एकीकडे ओढतोय, बायको दुसरीकडे. सकाळपासून रात्रीपर्यंत घाम! आणि वर्ष सरलं की पुन्हा त्याच धक्क्यावर! जोर कमी पडला का? नाही! समोरच्याला "अहो, वळतेय" एवढं सांगायचा संकोच नडला!

तेव्हा देवाला नमस्कार करा, घरी जा, ताटावर बसा, आणि जे सांगायचं राहिलंय ते आजच सांगा. समोरचा रागावला तर रागावू दे. पण तोच तुम्हाला विचारायला लागला, "माझं चुकतंय का?" — तर मंडळी, आधी त्याला मिठी मारा!