दुभाजकापर्यंत

वहिनी : आधी बसा, ताई. फोनवर सांगितलं ते अर्धंच होतं.

ताई : बाबू कुठाय?

वहिनी : आतल्या खोलीत. माझ्या शिवायच्या पडद्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसलेत, बुटांसकट. बॅग मांडीवर. सोडायला तयार नाहीत.

ताई : लागलंबिगलं नाही ना?

वहिनी : लागलं असतं तर बरं झालं असतं, निदान मलम लावता आलं असतं. तुमचे भाऊ आज भर रस्त्यात मधोमध फतकल मारून बसले होते, कळलं का? आणि मी शेजारी उभी, हातात त्यांची उशी घेऊन.

ताई : नीट सांग गं. सकाळी निघालात, मग?

वहिनी : निघालो तेव्हा स्वारी खुशीत. खिडकी पकडली, वाटेतल्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. कंडक्टरला म्हणाले, ‘आज मी घर बदलतोय.’ तोही भला माणूस, म्हणाला, ‘वा, अभिनंदन!’ स्टॉपवर उतरलो, बस गेली, आणि समोर बघते तर काय, तुमच्या ऑफिसने बांधलेली ती इमारत रस्त्याच्या पलीकडे. मध्ये सहापदरी रस्ता. सुसाट. तुम्ही तर म्हणाला होतात, बस दारात थांबेल म्हणून!

ताई : थांबणार होती.

वहिनी : होती! याच टेबलावर नकाशा पसरला होतात तुम्ही. इथे थांबा, इथे चालणाऱ्यांसाठी सिग्नल, इथे फुटपाथ. मी चहाचा कप उचलून घेतला होता, डाग पडू नये म्हणून.

ताई : वहिनी, ऐक ना...

वहिनी : आणि तिथे तो भलामोठा बोर्ड लावलाय. त्यातल्या चित्रात सगळं आहे हो! पांढरे पट्टे आहेत, झाडं आहेत, एक बाई हसत हसत बाळाची गाडी ढकलत रस्ता ओलांडतेय. त्या बाईच्या खाली आम्ही दोघं. वाट बघतोय, कधी एकदा गाड्या थांबतात म्हणून.

ताई : मग ओलांडलात तरी कशाला? मला फोन करायचा.

वहिनी : केला की! तुम्ही मीटिंगमध्ये. तुमच्या ऑफिसातला तो पोरगा म्हणाला, ‘मॅडम रस्त्याच्याच मीटिंगमध्ये आहेत.’ म्हटलं, राहू दे बाबा. भावजींचा हात धरला आणि निघाले. दुभाजकापर्यंत पोचलोही. तेवढ्यात एक टँकर असा अंगावर आला म्हणता... भावजी खाली बसले. डोळे मिटून. उठायचं नाव नाही. मागून पुढून भोंगे. एकाने काच खाली करून विचारलं, ‘बाई, सहलीला आलात का?’

ताई : अगं बाई.

वहिनी : शेवटी एका कचरागाडीवाल्याने गाडी आडवी घातली, तेव्हा सुटलो. पण पुढे नाही हां, मागे. आलो तिथेच परत. इमारत तिकडेच, आम्ही इकडेच. तिथल्या व्यवस्थापक बाई गेटातून हात हलवत होत्या, मी इकडून हलवला. एवढाच काय तो गृहप्रवेश.

ताई : चुकलं आमचं.

वहिनी : आमचं म्हणजे कुणाचं? दर वेळी ‘आमचं’ म्हणता. एक माणूस दाखवा, त्याच्याशी भांडून येते.

ताई : माझ्याशी भांड.

वहिनी : म्हणजे?

ताई : पैसे सरकारकडून एकदाच मिळाले. घरांसाठी आणि रस्त्यासाठी मिळून, एकाच निधीत. पाया खणताना खाली पाणी लागलं, त्यात बरेच गेले. उरले त्यात एकच होणार होतं. लिफ्ट, नाहीतर सिग्नल आणि बसचा थांबा. बैठकीत मला विचारलं, मी लिफ्ट म्हणाले.

वहिनी : तुम्ही? स्वतःच्या तोंडाने?

ताई : हो. चार मजले आहेत, वहिनी. अर्ध्या लोकांना जिना चढता येत नाही. तिसऱ्या मजल्यावर एक बाई येणारेत, चाकाच्या खुर्चीवर असतात. त्यांना काय सांगायचं होतं मी? खाली सिग्नल छान झालाय, खिडकीतून बघत बसा?

वहिनी : आणि आता त्या बाई लिफ्टने खाली येऊन जाणार कुठे? दुभाजकावर?

ताई : हेच मी आज मीटिंगमध्ये दोन तास ओरडून सांगत होते. वाहतूक खात्याची माणसं येऊन पाहणी करून गेली म्हणे. त्यांचा अहवाल काय, तर तिथे रस्ता ओलांडणारं कुणी आढळलं नाही, सबब सिग्नलची गरज नाही.

वहिनी : कसं आढळणार? ओलांडता येत नाही म्हणूनच कुणी ओलांडत नाही ना!

ताई : मी हेच म्हणाले. साहेब म्हणाले, ‘मुद्दा चांगला आहे, पुढच्या वर्षी मांडा.’

वहिनी : पुढच्या वर्षी! माझ्या लेकीला आठवा लागलाय, ताई. रोज फोन करते, ‘आई, तू कधी येतेस?’ तिची सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा कामावर. मी बॅग भरून ठेवलीय, आणि भावजींची बॅग परत घरात आली. हे गेले तेव्हा मी काही बोलले का? ‘भाऊ तुमचा, तुम्ही बघा’ असं म्हटलं का? चार वर्षं सांभाळलं. गोळ्या, दवाखाना, रात्रीचं जागणं, सगळं. मला त्यांचा कंटाळा नाही आला. मला या सगळ्याचा आलाय. एक काम धड होत नाही.

ताई : मी नेते त्याला माझ्याकडे.

वहिनी : तुमच्याकडे दिवसभर कोण असतं? मागे नेलंत तेव्हा गॅस सुरू ठेवून फिरायला गेले होते. तिथे त्या इमारतीत नर्स आहे, स्वयंपाकघर आहे, गोळी घेतली का विचारणारं माणूस आहे. म्हणून तर एवढी खटपट केली.

ताई : मग उद्या माझ्या गाडीने जाऊ. वळसा घालून थेट गेटात.

वहिनी : आणि परवा? वाचनालयात कसं जायचं त्यांनी? फाटक्या पुस्तकांच्या पाठी चिकटवायला जातात ते किती आवडीने! तेवढं एक काम आहे त्यांना. तेही या बाजूला, दवाखानाही या बाजूला. गाडीने नेऊन आत ठेवायचं म्हणजे कोंडूनच ठेवायचं की.

बाबू : गाडी नको.

ताई : बाबू! ये, बस इथे. बूट काढ आधी.

बाबू : बूट राहू देत. मला परत जायचंय.

वहिनी : भावजी, आज नाही. आज माझ्या अंगात त्राण नाही.

बाबू : उद्या. पण वहिनी, तुम्ही ओरडायचं नाही.

वहिनी : मी कुठे ओरडले?

बाबू : टँकर लांब होता. तुम्ही ‘आई गं’ म्हणून किंचाळलात आणि माझा हात असा मागे ओढलात. मला वाटलं, तुम्हाला काही दिसलंय जे मला दिसलं नाही. म्हणून मी बसलो.

वहिनी : ऐका! म्हणजे आता चूक माझी!

बाबू : चूक नाही. तुम्ही घाबरलात. मग मी घाबरलो. मग मला उठता येईना.

ताई : बाबू, तुला नक्की जायचंय ना तिथे? इथून कुणी घालवतंय म्हणून नाही ना?

बाबू : इथे मी पडद्यांमध्ये झोपतो, ताई. पडदे लोकांचे असतात. सकाळी नव्या लोकांचे असतात. तिथे दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे, तिला खिडकी आहे, त्या खिडकीला पडदा नाही. वहिनी शिवतील ना एक?

वहिनी : शिवते हो. कुठला रंग?

बाबू : गर्द. उजेड लवकर येतो तिथे, मी बघून आलोय.

ताई : बरं. उद्या मी अर्ध्या दिवसाची रजा टाकते. तिघं मिळून ओलांडू.

वहिनी : रजा टाकून रस्ता ओलांडायचा! वा रे तुमचं ऑफिस.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच रस्त्याच्या कडेला.)

ताई : मी मध्ये राहते. बाबू, हात दे.

बाबू : मध्ये मी. तुम्ही दोघी माझे हात धरा. ताई, तू गाड्या बघ. वहिनी, तुम्ही समोर बघा, गेटाकडे.

वहिनी : मी गप्पच आहे, भावजी. तोंड शिवून घेतलंय.

ताई : एवढी पांढरी व्हॅन जाऊ दे... आता. चला.

बाबू : पळायचं नाही. वहिनी, पळू नका.

वहिनी : पळत नाहीये.

बाबू : पळताय.

ताई : झालं, झालं. दुभाजक आला. चढा वर. श्वास घ्या. बाबू, ठीक आहेस ना?

बाबू : ठीक आहे. आता डोळे उघडेच ठेवलेत.

ताई : काल साहेबांना म्हणाले होते, तुम्ही एकदा इथे येऊन उभे राहा. हसले नुसते. येत्या सोमवारी ओढून आणते की नाही बघ. त्या खुर्चीवाल्या बाईंना विचारते, त्याही येतील. अडू देत गाड्या!

बाबू : आता मोकळा आहे. चला.

ताई : वहिनी, चल.

बाबू : वहिनी?

वहिनी : तुम्ही व्हा पुढे.

ताई : अगं, असं काय? इथे कुठे थांबतेस?

वहिनी : माझे पाय उचलत नाहीयेत, ताई. रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा भावजींच्या खोकल्याचा आवाज ऐकते मी. हे गेल्यापासून घरात तेवढा एकच आवाज होता. किती चिडायचे, ‘भावजी, तोंडावर हात धरा’. आता तिकडे पोचलो की... जाऊ द्या. वेडी आहे मी. स्वतःच खटपट केली आणि स्वतःच इथे रडत उभी.

ताई : रडायला जागा बरी शोधलीस.

वहिनी : गाड्या येतायत पुन्हा!

बाबू : येऊ देत. जातील. मला घाई नाही.

वहिनी : काल तुम्हाला काय काय बोलले मी इथे. सगळ्या रस्त्यासमोर.

बाबू : ऐकू आलं नाही. भोंगे होते.

ताई : तो ट्रक गेला की निघायचं. वहिनी, निघायचंय हं.

बाबू : वहिनी, उशी माझ्याकडे द्या. एक हात मोकळा ठेवा. हं. आता.

ताई : चला, चला... सावकाश... झालं! पोचलो. हा फुटपाथ... म्हणजे, फुटपाथची खडी.

वहिनी : पोचलो.

बाबू : त्या व्यवस्थापक बाई गेट उघडतायत. तुम्ही मागे रस्त्याकडेच बघताय, वहिनी.

वहिनी : बघेन नाही तर काय! अहो, मला आता एकटीने परत जायचंय हा रस्ता ओलांडून. ताई इथूनच ऑफिसला जाणार.

बाबू : आधी चहा घेऊ. मग मी सोडतो तुम्हाला पलीकडे.