अर्जातले तिसरे वाक्य

ग्रामस्थहो, सहकाऱ्यांनो, आणि बाईंच्या विद्यार्थ्यांनो,

एवढी माणसे समोर बसली आहेत आणि मला बोलता येत नाही. बोलणे हा माझा पेशा आहे. वर्गात मी कधी अडखळलो नाही. आज अडखळेन. अडखळू द्या.

प्रभावतीबाई गेल्या. या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षे मराठी शिकवले, आणि पती वारल्यावर सासरची खव्याची भट्टी चालवली. पहाटे भट्टी, दिवसा शाळा, संध्याकाळी पुन्हा भट्टी. आठ घरांचे दूध तिथे यायचे. खव्याचे डबे येडशीवरून सोलापूरला जायचे. बाई वर्गात आल्या की पदराला धुराचा वास असायचा. आम्ही मुले हसायचो. मीही हसलो आहे.

मघापासून या व्यासपीठावरून ‘त्यागमूर्ती’ हा शब्द चार वेळा आला. मी मोजला. बाईंनी तो एकदाही वहीत राहू दिला नसता.

वह्या त्या भट्टीवरच तपासायच्या. दूध घालायला येणारे दगडूमामा एकदा म्हणाले, “बाई, पोरांच्या वह्या बी आटवता का हो?” बाई म्हणाल्या, “आटवावंच लागतंय, मामा. पाणी लई असतंय. तुमच्या दुधापरीस जास्त!” मामा हसत हसत किटली उचलून पळाले.

कढईच्या तळाला दूध लागले की सगळ्या खव्याला वास येतो. तसा खवा बाईंनी कधी विकला नाही. आणि तसा निबंध कधी स्वीकारला नाही. माझा निबंध नाकाजवळ धरून म्हणायच्या, “अविनाशा, वास येतोय बघ. हे वाक्य खाली लागलंय. तुला स्वतःला तरी पटतंय का ते? परत लिही.” मी परत लिहायचो. सात-सात वेळा. मला जे लिहिता येते, ते त्या भट्टीच्या धुरात आले.

त्याचे मी काय केले, ते ऐका.

बारा वर्षांपूर्वी मी याच शाळेत बाईंचा सहकारी होतो. मुख्याध्यापकपद रिकामे होणार होते. सेवाज्येष्ठतेने ते बाईंचे होते. काहींना बाई त्या पदावर नको होत्या. बाईंविरुद्ध अर्ज करायचे ठरले, आणि मला विनंती झाली, “सर, मसुदा तुम्हीच करा. तुमच्याइतकं रेखीव कोण लिहिणार?”

मला धमकावले नाही. आमिष दाखवले नाही. फक्त माझ्या लेखणीची स्तुती केली. तेवढी पुरली.

अर्जातले तिसरे वाक्य असे होते: ‘खासगी व्यवसायामुळे त्या तासाला वारंवार उशिरा येतात.’ बाई एकदा तरी उशिरा आल्या होत्या का? सांगा ना, कोणी पाहिले होते? शिपाई घंटेला हात लावायचा तेव्हा बाई वर्गाच्या दारात असायच्या. हे मला ठाऊक होते. सही करणाऱ्या अकराही जणांना ठाऊक होते. आणि त्या अकरांत मी होतो.

चौकशी बसली. शाळा की भट्टी, असे विचारले गेले. बाई म्हणाल्या, “शाळेला दुसरी बाई मिळंल. आठ घरांचं दूध मी कुठं ओतू?” आणि राजीनामा दिला.

मी भट्टीवर गेलो. कशासाठी, ते आजही सांगता येत नाही. दूध घट्ट होत आले होते. अशा वेळी हात थांबवता येत नाही. वर न पाहता त्या म्हणाल्या, “अर्ज वाचायला दिला होता मला. बांधणी चांगली आहे. पाणी कुठं नाही. तिसरं वाक्य तेवढं खाली लागलंय, सर.”

अर्ज टंकलिखित होता. तरी त्यांनी हात ओळखला. का ओळखणार नाहीत? तो त्यांनीच घडवला होता.

आणि ‘सर’ म्हणाल्या. भट्टीवर मी कायम ‘अविनाशा’ होतो. ‘तू’ होतो. त्या दिवसापासून शेवटपर्यंत ‘सर’ राहिलो. यापेक्षा कठोर शिक्षा मला माहीत नाही.

परवा मला पुन्हा निरोप आला. शोकठरावाचा मसुदा तुम्हीच करा, तुमच्याइतकं रेखीव कोण लिहिणार? तेच तोंड. तेच शब्द. मी मसुदा केला. हा पाहा. पहिली दोन वाक्ये बरी आहेत. तिसरे सांगितल्याप्रमाणे घातले आहे: ‘प्रदीर्घ सेवेनंतर त्या सन्मानाने निवृत्त झाल्या.’

मित्रहो, वास येतो आहे.

हा ठराव मी वाचणार नाही. परत लिहिला आहे. तिसरे वाक्य आता असे आहे: ‘अकरा सहकाऱ्यांनी खोटा अर्ज करून त्यांना शाळेतून घालवले.’ मंजूर करायचा तर हा करा. नसेल करायचा, तर बाईंच्या नावाने कोणताच ठराव करू नका.

आता दोन मिनिटे स्तब्धता. पण सगळ्यांनी उठू नये. दगडूमामा, तुम्ही बसा. मुलांनो, तुम्ही बसा. ज्यांनी त्या अर्जावर सही केली, त्यांनीच उभे राहावे. नऊ जण या सभागृहात आहेत. मी नावे घेणार नाही.

मी उभाच आहे.