दसऱ्याची सेटिंग

दसऱ्याला पूजा झाली की वॉटर स्कीच्या सेटिंगला, म्हणजे फळीवर बूट कुठल्या भोकांत स्क्रूने बसवलेत त्याला, वर्षभर हात लावायचा नाही, हा शिरीषकाकांचा नियम. का, ते विचारायचं नाही. बोट आमच्या दोन घरांनी मिळून घेतलीय, पण स्क्रूड्रायव्हर मात्र त्यांचाच.

उन्हाळाभर ठीक चाललं. मेमध्ये इकडे दक्षिण गोलार्धात थंडी सुरू झाली, तळ्याचं पाणी गारठलं, आणि क्लबच्या ट्रायलला आठवडा उरला असताना मी पाण्यात तरंगणाऱ्या प्रत्येक बोयाच्या वळणावर आपटायला लागले. काका आणि बाबा बोटीत कानटोप्या घालून थर्मासमधला चहा पीत होते.

"घाबरतेस तू," काका म्हणाले.

"घाबरत नाहीये. पाणी गार झालं की स्की वर राहते, टोक पाण्यात बसत नाही. बूट एक भोक पुढे घेऊ या."

"अगं, मी इंजिनिअर आहे. पाणी ते पाणीच."

"मग हात घालून बघा ना."

काकांनी हातमोजासुद्धा काढला नाही. "आमच्या वेळी असले लाड नव्हते."

"तुमच्या वेळी तुम्ही नाशिकला स्कूटर चालवत होतात, काका."

बाबांनी डोळे वटारले. "त्यांचं ऐक, नाहीतर ट्रायलमधून नाव काढून घेऊ."

मी स्की उचलून त्या दोघांच्या मध्ये ठेवली. "नाव राहणार. या सेटिंगवर मात्र मी पुन्हा उतरणार नाही. ती बरोबर आहे ना? मग तुमच्यापैकी एकाने पाण्यात उतरून एक वळण मारून दाखवा. बोट मी चालवते."

काकांनी कानटोपी आणखी खाली ओढली, बाबांनी थर्मास पुन्हा उघडला.