गोजीनं वाचलेली पाटी

हॅलो? … कोन, आशा? हाव, मीच, शकुन. बोल… नाई वं, दम नाई लागला, हासून राहिली होती. तुले फोन करनारच होती मी… अवं ऐक ना आधी. सोमवारची खाट नोको टाकू.

… कोनाची म्हंजे? तुया भाऊजीची. मोतीबिंदूचं ऑपरेशन रद्द. आमी अमरावतीले येतच नाई.

… डॉक्टरनं नाई, यायनंच रद्द केलं. मी हो म्हटलं.

… काहून म्हंजे? दिसून राहिलं त्यायले. बिना ऑपरेशनचं. गोजी बेरीनं… गो-जी. हाव, फळच हाय. लाल, वाळवलेलं, बोराच्या लहान्या बहिनीसारखं. तिकडं चीनमदी पिकते म्हने. आपल्या आकांक्षानं पाठवलं, माया नातीनं. पुन्याले औषधाचंच शिकते ना ते.

… गुन? अवं लय. लिहूनच ठेवले मी कॅलेंडरच्या मागं. थांब, वाचतो… जरा खिडकीपाशी येऊ दे, इथं अंधार हाय… दुपारचे बारा वाजले त काय झालं? जुन्या शहरातलं घर, अंधारंच असते. हां. एक, त्याच्यात झिया… झियाझँथिन. मक्याले जे पिवळं करते ना, तेच. डोळ्याच्या मागच्या पडद्याले चांगलं. दोन, बीटा कॅरोटिन, गाजरातलं. तीन, पॉलीसॅकराईड. त्यानं अंगातली ताकद वाढते, असं वाटते म्हने शास्त्रज्ञायले, आजून तपासून राहिले. चार… चार… हे काय लिहिलं मीनं? शाई पुसली वाटते.

… आकांक्षा? ते म्हने आजी, खाऊ म्हनून द्या, औषध म्हनून नाई. आन् रक्त पातळ करायची गोळी चालू असंन त बिलकुल नोको. ते गोळी यायले नाई… हाव, हे बी म्हनाली. मोतीबिंदू म्हंजे समोरचं भिंग गढूळ होते, ते कोन्या फळानं साफ होत नाई. आता पोरगी हाय, पुस्तकातलं बोलनारच.

… नाई वं, मूठभर कायची? दहा दाने. रातभर भिजवाचे, सकाळी खाचे. मी बी खातो ना. दहा त्यायले, दहा मले. मोजून. एक दाना वर गेला त भांडते.

… फरक? आशा, सत्तरीचा मानूस गच्चीवर शिटी वाजवून राहिला. काल मले म्हनते, शकुन, तू लग्नात होती तशीच दिसतं… हास. मले बी हासू आलं. पन आरशात पाह्यलं मी मंग, आन् खरं सांगतो, मले बी तसंच वाटलं.

… परीक्षा घेतली ना. मी का अशी कोनाचं ऐकनारी हाय? दोन महिने झाले, रोज सकाळी गच्चीवर उभं करतो आन् गल्लीतल्या पाट्या वाचाले लावतो. 'भवानी पीठ गिरणी', फटकन. 'शिवम हेअर कटिंग', फटकन. पार टोकाचं 'शेखर साडी सेंटर', तेही फटकन. सात पाट्या, एक चुकली नाई.

… तपासते कोन म्हंजे? मी. आधी मी मनात वाचतो, मंग ते मोठ्यानं. दोघाचं सेम टू सेम.

… काय? शेखर साडीचं काय?

… बंद? कधी?

… चैतातच? आमच्याकडं आली होती तवा तुनं पाह्यलं? मले सांगाचं नाई का मंग… अवं, गुडघ्यापाई मी दोन वर्षं गल्लीच्या टोकाले गेली नाई, हे स्कूटरवर बसले की सिद्दे वावरात. आमाले कोन सांगनार?… नाई, पाटी जुनीच असंन. दुकान गेलं तरी पाटी राहते. थांब, पाह्यतो. रागिनी, अवं रागिनी, गच्चीवर चाल… सूनबाईले बोलावलं. फोन धर तू, मी चढून राहिली.

हां. रागिनी, ते टोकाची पाटी पाह्य. ते लाल, साडी सेंटरची…

… आशा? हाव, हाय ना मी. सांगतो.

… हिरवी हाय म्हने.

… 'दृष्टी चष्मा घर'.

… हास. पोटभर हास. एवढाले अक्षरं हाय म्हने, मोर्ना नदीच्या पुलावरून बी दिसंन. दोन मोठे डोळे बी काढले हाय वर. आन् आमी दोघं रोज त्याले साडी सेंटर म्हनून राहिलो.

… मले? मले काय झालं? मी त फक्त तपासून… हाव. हाव, वाचली मीनं बी.

… नाई, यायले आता नोको सांगू. अवं, ऑपरेशनचं नाव काढलं की हात गार पडे त्यायचे. रद्द केलं त्या राती मानूस सकाळपर्यंत झोपला. त्याच्यातच त आनंद होता सारा, फळाचं निस्तं नाव. मी बी… मले बी पाह्याचं होतं तसं त्यायले.

… जबरदस्तीनं नाई येनार. त्यायले म्हनतो, ऑपरेशन माहं हाय, मले भेव लागते, तुमी सोबत चाला. मंग पाह्य, सर्वात आधी चप्पल घालतीन. तथं गेल्यावर माहं झालं की त्यायले बसवू. बायकोनं केलं आन् आपन पळालो, हे जमनार नाई त्यायले. पन्नास वर्षं वळखतो मी.

… हाव, खाट टाक. एक नाई, दोन टाक. आन् गोजीचा डबा आनतो संग… काहून सोडू? पडद्याले चांगलंच हाय ना ते. भिंग डॉक्टर पाह्यतीन, पडदा गोजी पाह्यीन.

बरं ठेवतो, हे वर येऊन राहिले. सोमवारी सकाळच्या गाडीनं… अहो, जपून, पायाखाली बादली हाय. ते काळी बादली, जिन्यापाशी.

… काय म्हनतं, रागिनी?

… मांजर हाय?

आशा, सोमवार नोको. उद्याच येतो आमी. ठेव.